पेनड्राइव्हमध्ये फाइल टाकली, तरी लॅपटॉप उठत का नाही?

दिवाळी संपता संपता तळमजल्यावरच्या काकूंनी फराळाचा डबा न्यायला बोलावलं आणि डब्यासोबत हातात लॅपटॉप ठेवला. "स्टेशनजवळच्या दुकानात दाखवून आले रे. तो म्हणतो, विंडोज अकरा यावर चढणार नाही, आता हा भंगारात द्या आणि नवीन घ्या." लॅपटॉप २०१७ सालचा. सातव्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर, रॅम ८ जीबी. दोन बटणांवरची अक्षरं पुसट झालेली, बाकी ठणठणीत. काकूंचं त्यावरचं काम म्हणजे भिशीचा हिशोब, मुलीशी व्हिडिओ कॉल आणि नातवाचे फोटो.

त्याआधी ऐरोलीच्या भाच्याने एक प्रयत्न करून पाहिला होता. लिनक्स मिंट नावाची फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम त्याने डाउनलोड केली, ती फाइल कॉपी करून पेनड्राइव्हमध्ये टाकली, पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली की बूट करण्याजोगं काही सापडलं नाही. मग काकूंनी त्याला चहा दिला आणि तो ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून घरी गेला.

भाच्याचं चुकलं ते नव्वद टक्के लोकांचं चुकतं (हा आकडा माझ्या मनातला, कुठल्या पाहणीतला नव्हे). ते नेमकं काय, हे एकदा कळलं की पुढचं सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी बातमी काय ते

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही, पडणारही नव्हता. थांबली ती दुरुस्ती. सॉफ्टवेअरमध्ये नवीन भोक सापडलं की ते बुजवणारा तुकडा अपडेटमधून यायचा, तो यायचा बंद झाला. घरगुती वापरासाठी वर्षभराची जादा मुदत कंपनीने ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं.

विंडोज ११ च्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. काकूंचा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकला. म्हणून दुकानदार "चढणार नाही" म्हणाला ते अधिकृत अर्थाने खरंच. "भंगारात द्या" हा मात्र त्याचा सल्ला होता, आणि नवीन लॅपटॉपही तोच विकत होता.

पेनड्राइव्हच कशाला? आहे त्या लॅपटॉपवरून का होत नाही?

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्याला हे समजवायला फार कष्ट पडत नाहीत. आमच्या गल्लीत तीन इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. जुनी इमारत पाडून तिथेच नवी बांधायची, तर आधी माणसं बाहेर काढावी लागतात. लोक सामानसुमान घेऊन दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत जातात आणि मग नव्या घरात येतात. आपण घरात बसलोय आणि खालून पाया खणताहेत, असं होत नाही.

लॅपटॉपचंही तेच. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे विंडोज, लिनक्स यांसारखा तो मूळ प्रोग्राम, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे प्रोग्राम चालतात. ती आतल्या डिस्कवर राहते आणि चालू असताना त्याच डिस्कवर बसलेली असते. तिला पुसून तिथे दुसरी बसवायची, तर ते काम करणाऱ्याला उभं राहायला दुसरी जागा हवी. ती भाड्याची जागा म्हणजे पेनड्राइव्ह. मशीन पेनड्राइव्हवरून जागं होतं, तिथून तात्पुरती सिस्टीम रॅममध्ये येऊन चालू लागते आणि मग आतली डिस्क मोकळेपणाने पाडता येते. मशीनचं बटण दाबल्यापासून सिस्टीम चालू होईपर्यंतच्या या जागं होण्याला 'बूट होणं' म्हणतात, आणि ज्या पेनड्राइव्हवरून ते जमतं तो बूटेबल.

मग नुसती फाइल टाकून का भागत नाही?

डाउनलोड होऊन येते ती 'आयएसओ' फाइल. हा प्रकार सीडीच्या काळातला. एका अख्ख्या सीडीवर पहिल्या कणापासून शेवटच्यापर्यंत जे काही होतं, त्याची जशीच्या तशी नक्कल एकाच फाइलमध्ये बांधलेली. लिनक्स मिंटची ही फाइल साधारण ३ जीबीची असते, विंडोज ११ ची ५ जीबीच्या वर जाते.

आता ही नक्कल पेनड्राइव्हमध्ये फाइल म्हणून ठेवली की काय होतं? किल्लीचा फोटो मोबाइलमध्ये आहे म्हणून कुलूप उघडत नाही, तसं. किल्लीची सगळी माहिती फोटोत आहे, दाते मोजता येतील, पण कुलपात घालायला फोटोची किल्ली करावी लागते. 'बूटेबल बनवणं' म्हणजे हेच. आयएसओच्या आतला माल बाहेर काढून पेनड्राइव्हवर योग्य जागी, योग्य रचनेत मांडायचा.

योग्य जागा कुठली, ते वॉचमन ठरवतो.

गेटवरचा वॉचमन

बटण दाबताच सगळ्यात आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम. जुन्या मशीनमध्ये त्याला बायॉस म्हणत, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक मशीनमध्ये त्याच्या जागी यूईएफआय आहे. दोन्ही वॉचमनच, पण स्वभाव वेगळे.

बायॉस हा जुना वॉचमन. त्याला इमारतीतली माणसं ओळखू येत नाहीत, फाइल म्हणजे काय हेही ठाऊक नाही. तो डिस्कच्या अगदी पहिल्या पायरीवर जातो, म्हणजे पहिल्या ५१२ बाइट्सवर, आणि तिथे ठेवलेली चिठ्ठी उचलतो. चिठ्ठीच्या शेवटच्या दोन बाइट्सवर ठरलेली खूण दिसली की चिठ्ठीत लिहिलंय तसं करतो. खूण नसेल तर पुढच्या डिस्ककडे. भाच्याच्या पेनड्राइव्हवर ३ जीबी माल होता, पण पायरीवर कामाची चिठ्ठी नव्हती.

यूईएफआय शिकलेला वॉचमन. त्याला फोल्डर, फाइल कळतात, पण एकाच भाषेतल्या: फॅट ३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या जागेतल्या. तिथे तो 'ईएफआय' फोल्डर शोधतो, त्यात 'बूट' फोल्डर, आणि त्यात 'बूट-एक्स-६४' नावाची ठरलेली फाइल. पत्ता पाठ आहे. त्या पत्त्यावर कुणी असेल तर आत सोडणार, नाहीतर नाही. आयएसओ फाइलच्या पोटात हा सगळा पत्ता असतो, पण वॉचमन पाकीट फोडून बघत नाही.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल: मग आयएसओ उघडून आतल्या फाइल्स फॅट ३२ च्या पेनड्राइव्हवर हाताने कॉपी केल्या तर? नव्या मशीनवर हे बऱ्याचदा चालतं, खरंच चालतं. अडतं ते विंडोजपाशी. फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल हल्ली त्याहून मोठी असते. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट पद्धतीत ती मावते, पण ती भाषा बहुतेक यूईएफआयला येत नाही. रूफस नावाचं फुकट टूल यावर छान युक्ती करतं. मोठा माल एनटीएफएसच्या भागात ठेवतं आणि शेवटी एक चिमुकला फॅटचा भाग जोडतं, ज्यात फक्त दुभाषा बसलेला असतो. वॉचमन दुभाष्याला ओळखतो, दुभाषा त्याला आत घेऊन जातो.

जाता जाता एक गंमत. सीडीवरून मशीन कसं जागं करावं याचं जे मानक १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी केलं, त्याचं नाव 'एल टोरिटो'. कॅलिफोर्नियातल्या त्याच नावाच्या हॉटेलात बसून ते आखलं, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे आखलं असतं तर नाव 'मामलेदार मिसळ' पडलं असतं.

प्रत्यक्ष कृती

काकूंच्या डायनिंग टेबलावर केलं तसं सांगतो. लागतो एक रिकामा पेनड्राइव्ह. मिंटला ४ जीबीचाही पुरेल, विंडोजसाठी मायक्रोसॉफ्ट किमान ८ जीबीचा मागते. हल्ली १६ पेक्षा लहान मिळणंच कठीण. पदपथावरचा अति स्वस्त, ५१२ जीबी लिहिलेला मात्र घेऊ नका. आत खरी जागा थोडीच असते आणि लिहिलेलं वाटेत हरवतं.

आयएसओ फाइल मूळ संस्थेच्या साइटवरूनच घ्यायची. कुणी टेलिग्रामवर पाठवलेली 'अॅक्टिव्हेटेड विंडोज' नको. घराचा पायाच दुसऱ्याने घातला तर त्यात काय पुरलंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. डाउनलोड पूर्ण आणि शुद्ध आलंय का, हेही तपासता येतं. मिंटच्या साइटवर फाइलचा 'शा-२५६' आकडा दिलेला असतो, ६४ अक्षरांचा. आपल्या फाइलवरून तोच आकडा काढायचा (विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' ही कमांड ते करते) आणि ताडून बघायचा. फाइलमध्ये एक कण जरी बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. गॅसचं सिलिंडर घेताना आपण सील बघतो ना, तितकंच हे काम. बहुतेक जण टाळतात, आणि मग अर्धवट डाउनलोडवर दोन तास डोकं आपटतात.

मग रूफस उघडायचं. वर पेनड्राइव्ह निवडायचा, खाली आयएसओ. पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या वाटण्या नोंदवायची, पद्धत विचारली तर नव्या मशीनसाठी जीपीटी, बायॉसवाल्या जुन्यासाठी एमबीआर. शंका असेल तर रूफसने स्वतः निवडलेलं राहू द्या. 'स्टार्ट' दाबलं की ते लाल अक्षरांत नाही, पण स्पष्ट सांगतं की पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. काकूंच्या पेनड्राइव्हमध्ये सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो निघाले. आधी ते मोबाइलवर घेतले, मग 'ओके' दाबलं. मधल्या वेळात चकल्या संपल्या.

विंडोजच बसवायचं असेल तर रूफसचीही गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं 'मीडिया क्रिएशन टूल' डाउनलोडपासून मांडणीपर्यंत सगळं स्वतः करतं. आणि ज्यांना दर आठवड्याला कुणाचा तरी लॅपटॉप दुरुस्त करावा लागतो, त्यांच्यासाठी व्हेंटॉय आहे. ते पेनड्राइव्हवर एकदाच दार बसवून देतं, नंतर त्यात आयएसओ फाइल नुसती कॉपी करून टाकली तरी चालते. म्हणजे भाच्याने केलं तेच, फक्त दार आधी बसवून.

तयार केला, तरी विंडोजच उघडतंय

कारण वॉचमनकडे यादी असते, आधी कुणाला विचारायचं याची. यादीत आतली डिस्क पहिली असेल तर तो तिथेच थांबतो. चालू करताक्षणी ठरावीक बटण टपटप दाबत राहिलं की तो तुम्हाला निवडायला देतो. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ किंवा एस्केप, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एकदाच दाबून वाट बघू नका, टपटप.

तरीही नाही जमलं, तर दोष बहुधा विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'चा. 'शट डाउन' केल्यावर लॅपटॉप पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतो. म्हणून बंद करून चालू करण्यापेक्षा शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट'वर क्लिक करा. निळा पडदा येईल, त्यात 'डिव्हाइस वापरा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो.

'सिक्युअर बूट' अडवेल का, असं बरेच जण विचारतात. हल्ली सोसायट्यांत गेटवर अॅपवरून पाहुण्याची खातरजमा करतात, तसं ते आहे. सही नसलेल्या प्रोग्रामला वॉचमन आत सोडत नाही. उबुंटू (मिंटसारखीच लिनक्सची एक जात), मिंट यांच्या पहिल्या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टचीच सही असते, त्यामुळे सिक्युअर बूट बंद न करताही ते बहुतेक मशीनवर चालतात. इंटरनेटवर कुणी सांगितलं म्हणून आधीच बंद करू नका. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या मालाला विंडोजने लावलेलं कुलूप, चालू असेल तर या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी लिहून ठेवा, नंतर हात लावा.

माझे फोटो जातील का?

इथे मी हळू बोलणार आहे, कारण यात पोळलोय.

धोक्याच्या जागा दोन. पहिली, पेनड्राइव्ह बनवताना चुकीची डिस्क निवडणं. काही वर्षांपूर्वी मी लिनक्सवर 'डीडी' नावाच्या कमांडने पेनड्राइव्ह बनवत होतो. ही कमांड काही विचारत नाही, सांगितलं तिथे लिहिते. जाणकार तिला थट्टेने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. पेनड्राइव्हच्या नावात शेवटी 'सी' होता, मी 'बी' टाइप केला. 'बी' म्हणजे बाजूला लावून ठेवलेली बाहेरची हार्डडिस्क, आणि तीत मामेभावाच्या मुंजीचं अख्खं चित्रण. चाळीस सेकंदांनी लक्षात आलं. मामींना आजतागायत वाटतं की डिस्क पडून खराब झाली. (मामी हा लेख वाचणार नाहीत अशी आशा.) तेव्हापासून नियम एक: या कामाच्या वेळी लॅपटॉपला पेनड्राइव्हखेरीज बाहेरचं काहीही लावायचं नाही. रूफस बाहेरच्या हार्डडिस्क मुळात यादीत दाखवत नाही, ही त्याची मोठी सोय.

दुसरी जागा इन्स्टॉल करतानाची. "संपूर्ण डिस्क पुसून बसवू का" असा प्रश्न येतो. 'हो' म्हटलं की जुनी इमारत पडली, कपाटातल्या दागिन्यांसकट. मिंट विंडोजच्या शेजारी बसवायचा पर्यायही देतं, पण त्यातही डिस्कच्या वाटण्या होतात आणि मधेच वीज किंवा बॅटरी गेली तर गोंधळ. म्हणून कुठलाही पर्याय निवडा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या, आणि चार्जर लावून ठेवा. काकूंचे फोटो त्यांच्या मुलीच्या हार्डडिस्कवर घेतले, मग ती डिस्क काढून देवघराच्या कप्प्यात ठेवली. त्या म्हणाल्या, "इथून काही हलत नाही."

त्या अगोदरचा टप्पा मात्र पूर्ण बिनधोक आहे. मिंटचा पेनड्राइव्ह आधी 'लाइव्ह' चालतो, म्हणजे आतल्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच पूर्ण सिस्टीम वापरून बघता येते. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, प्रिंटर चालतो का, सगळं तपासा. थोडं संथ चालेल, भाड्याचं घर आहे. पटलं नाही तर बंद करून पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे असतं.

पण लिनक्स मला जमेल का?

ब्राउझर, व्हिडिओ कॉल, हिशोबाची शीट, मराठी टायपिंग, एवढंच काम असेल तर जमतं. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये सेटिंगमधून जोडता येतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे दुकानदाराच्या भंगाराला आणखी काही वर्षं.

पण टॅलीवर काम करणाऱ्या, डिजिटल सहीचं टोकन लावून विवरणपत्रं भरणाऱ्या किंवा जुन्या फॉन्टवर डीटीपी करणाऱ्या माणसाने कामाच्या मशीनवर या वाटेला जाऊ नये. लिनक्सभक्त "सगळं होतं" म्हणतील. होतं, पण ३१ जुलैच्या रात्री विवरणपत्र भरताना नाही. त्यांनी जादा मुदत घ्यावी आणि नव्या मशीनचे पैसे बाजूला टाकावेत. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर प्रयोगच नको, तो तुमचा नाही.

मग पेनड्राइव्ह बिघडला का?

काम झाल्यावर हा प्रश्न हमखास येतो. असा पेनड्राइव्ह परत विंडोजच्या मशीनला लावला की कधी कधी विंडोज म्हणतं, "डिस्क फॉरमॅट करावी लागेल." किंवा १६ जीबीच्या जागी काही एमबीच दाखवतं. तो बिघडलेला नसतो. त्यावरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. पेनड्राइव्ह पुन्हा साध्या कामाला हवा असेल तर रूफसमध्येच 'नॉन बूटेबल' निवडून फॉरमॅट केला की पूर्ण जागा परत मिळते.

मी मात्र काकूंना तो पुसू दिला नाही. उद्या लॅपटॉप उठलाच नाही तर याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालू करून आतले फोटो काढता येतात. तेव्हा त्यावर त्यांनी मसाल्याच्या बरण्यांना लावतात तसली पांढरी पट्टी लावली, 'मिंट' लिहिलं आणि मीटर रूमच्या किल्लीशेजारी खुंटीला अडकवला. संध्याकाळी काका फिरून आले, पट्टी वाचली आणि म्हणाले, "चटणीची पट्टी इथे कुणी चिकटवली?"